आपल्या खासदार-आमदारांनी मत कुठे दिलं? नोंद स्वतः शोधायची रीत

काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर मी मोठ्या तोऱ्यात लोकसभेतल्या एका मतदानाची यादी टाकली आणि खाली लिहिलं, ‘हे बघा, आपल्या खासदारांनी बाजूने मत दिलंय.’ दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा फोन. ‘‘अहो, आडनाव आपल्याच खासदारांचं आहे, पण माणूस दुसरा. चष्मा बदला.’’ आडनाव महाराष्ट्रात पैशाला पासरी मिळणारं, आणि मी पुढचं नाव वाचलंच नव्हतं. आपले खासदार त्या यादीत कुठेच नव्हते, ना बाजूने ना विरोधात. मग ते होते कुठे, हे शोधता शोधता मला तीन आठवडे लागले. आता तेवढंच काम संध्याकाळच्या चहापासून जेवणापर्यंत होतं. मधे ज्या ज्या खड्ड्यांत पडलो ते खाली लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. आपल्याकडे बहुतेक विधेयकांवर कोणत्या सदस्याने काय मत दिलं याची नोंदच होत नाही. ‘आमच्या खासदाराचा मतदानाचा रेकॉर्ड’ नावाचं तयार पान कुठेही मिळणार नाही. जी थोडी मतं नोंदली जातात त्यांच्यामागे बहुतेकदा पक्षाचा व्हिप, म्हणजे ‘अमुक बाजूनेच मत द्या’ असा आदेश, असतो. म्हणून नुसतं मत शोधून भागत नाही. मत, सभागृहातलं भाषण, विचारलेले प्रश्न आणि बाहेर केलेली विधानं, या सगळ्यांच्या तारखा एकाखाली एक लावाव्या लागतात. माणूस कळतो तो त्या तारखांमधून.

सुरू करण्याआधी जवळ काय असावं

- प्रतिनिधीचं पूर्ण नाव, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह. संकेतस्थळांवर शोध बहुतेकदा इंग्रजीतच चालतो.
- मतदारसंघाचं निवडणूक आयोगाकडचं नाव.
- विधेयकाचं नाव, क्रमांक आणि वर्ष.
- ते ज्या दिवशी चर्चेला आलं ती तारीख.
- एक वही किंवा एक्सेलची शीट. मी वही वापरतो. शीटमध्ये रकाने वाढवत बसायचा मोह होतो.
- संसदेसाठी ‘संसद डॉट इन’, जुन्या कामकाजासाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय, राज्यासाठी महाराष्ट्र विधानमंडळाचं संकेतस्थळ. जोडीला पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च (संसदेच्या कामाची माहिती सोपी करून देणारी संस्था) आणि ‘मायनेता’ (उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांची माहिती देणारं संकेतस्थळ).

१. आपले प्रतिनिधी नक्की कोण, ते आधी ठरवा

हसू नका, निम्मे घोटाळे इथेच होतात. तुमचे लोकसभेचे खासदार एक, विधानसभेचे आमदार एक. शिवाय विधान परिषदेत पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांतून गेलेले आमदार असतात. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात. राज्यसभेचे खासदार विधानसभेचे आमदार निवडतात, त्यामुळे ‘आमच्या भागातले राज्यसभा खासदार’ हे घराच्या पत्त्यापुरतंच खरं. विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८. बोलताना आपण दोन्हीकडच्या सदस्यांना ‘आमदार’च म्हणतो, म्हणून वहीत सभागृह आठवणीने लिहा. एकाच विधेयकावर दोन सभागृहांत वेगवेगळं मतदान होतं, बहुतेकदा वेगवेगळ्या दिवशी.

मतदारसंघाच्या नावाचा एक खड्डा. शहर छत्रपती संभाजीनगर झालं, धाराशिव झालं, पण मतदारसंघांची नावं निवडणूक आयोगाच्या दफ्तरी औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशीच राहिली आहेत. नव्या नावाने शोधाल तर ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येईल आणि वाटेल की संकेतस्थळच बंद पडलंय.

पक्षाच्या रकान्यापुढे तारीख लिहा, हे महाराष्ट्रात फार महत्त्वाचं. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. शिवसेनेचं नाव आणि चिन्ह फेब्रुवारी २०२३ मध्ये शिंदे गटाला मिळालं, राष्ट्रवादीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये अजित पवार गटाला. २०२० सालच्या मतापुढे आजचा पक्ष लिहिला तर सगळा अर्थच उलटा होतो. गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको: ४० जणांच्या त्या विधानसभेत सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी एका दिवसात बाजू बदलली होती.

२. विधेयकाची कुंडली काढा

बातमीत विधेयकाचं नाव बोलीभाषेत असतं: ‘महिला आरक्षण’, ‘कृषी कायदे’, ‘जनसुरक्षा’. कागदोपत्री नाव वेगळं. घटनादुरुस्ती असेल तर आणखी एक गंमत. महिला आरक्षणाचं विधेयक १२८ वी घटनादुरुस्ती म्हणून मांडलं गेलं आणि कायदा झाला तो १०६ वी घटनादुरुस्ती म्हणून. विधेयकाचा क्रमांक वेगळा चालतो, मंजूर दुरुस्तीचा वेगळा. मी १०६ घेऊन लोकसभेची चर्चा शोधत होतो, मिळणार कशी?

मग लोकसभा कितवी आणि अधिवेशन कितवं ते टिपा. २०१९ ते २०२४ ची सतरावी, जून २०२४ पासूनची अठरावी. महिला आरक्षणाची चर्चा सतराव्या लोकसभेच्या १३ व्या अधिवेशनात, सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. हे दोन आकडे हाती असले की शोधाचं अर्धं काम झालं.

तारखेचा सापळा इथेच सांगतो. मोठ्या विधेयकांवरचं मतदान हल्ली मध्यरात्र उलटून होतं. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मतदान झालं तेव्हा कॅलेंडरवर ३ एप्रिल २०२५ उजाडला होता. २८८ विरुद्ध २३२. पण बैठक २ एप्रिलला सुरू झालेली, म्हणून कामकाज २ एप्रिलच्या नावाखाली लागतं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचंही तसंच, बैठक ९ डिसेंबर २०१९ ची. वर्तमानपत्रातली तारीख घेऊन शोधलंत आणि मिळालं नाही, तर एक दिवस मागे जा.

३. मत कसं घेतलं गेलं ते पाहा

मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो याच पायरीवर.

पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृह चालवणारे अध्यक्ष किंवा सभापती, आधी आवाजी मतदान घेतात. विधानसभेतलं आपण टीव्हीवर ऐकलेलं असतं: अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, ‘होयचे बहुमत’, विधेयक संमत. दहा सेकंदांचं काम. कुणी ‘होय’ म्हटलं, कुणी ओठ नुसते हलवले, कुणी मोबाइल बघत होतं, याची कुठेही नोंद नाही. त्या विधेयकापुरता तुमच्या प्रतिनिधीचा मताचा रकाना कोराच राहणार.

एखाद्या सदस्याने हा निकाल मान्य नसल्याचं सांगून मतविभागणी, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं मोजून घेणं, मागितली तरच पुढची पायरी येते. महाराष्ट्राच्या विधानभवनात तिला ‘पोल मागणे’ म्हणतात. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये मात्र एक पळवाट आहे: मतविभागणीची मागणी अनाठायी आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी नावं नोंदली जात नाहीत. म्हणजे आकडा मिळतो, माणूस नाही.

मागणी झाली म्हणजे ती मान्य होतेच असंही नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं गोंधळात आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांचं म्हणणं होतं की मतविभागणी मागितली होती. उपसभापतींची बाजू अशी की मागणी करणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यात महाराष्ट्राचे राजीव सातवही होते. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला हेच कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेशिवाय, पुन्हा आवाजी मतदानानेच संमत केलं. वर्षभर सारा देश ज्या कायद्यांवर भांडला, त्यांच्यावर राज्यसभेतल्या एकेका सदस्याचं मत काय होतं याची नावनिशीवार यादी येतानाही झाली नाही, जातानाही नाही.

घटनादुरुस्तीला मात्र अनुच्छेद ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागतं: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश. ते नुसत्या आवाजावर ठरवता येत नाही, म्हणून तिथे मतविभागणी होतेच. नवख्या माणसाने सुरुवात घटनादुरुस्तीच्या विधेयकापासून करावी. यादी हमखास मिळते आणि हात बसतो.

४. यादी वाचायला शिका

मतविभागणीची यादी त्या दिवसाच्या कामकाजाच्या पूर्ण वृत्तांतात असते. ‘संसद डॉट इन’वर लोकसभा निवडा, चर्चा विभागात जा, लोकसभा, अधिवेशन आणि तारीख भरा आणि दिवसभराच्या वृत्तांताची पीडीएफ उतरवून घ्या. शेकडो पानं असतात, घाबरू नका. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘डिव्हिजन’ (Division, मतविभागणी) किंवा ‘आयेज’ (Ayes, बाजूची मतं) टाका.

उदाहरण घेऊ. २० सप्टेंबर २०२३, लोकसभा, महिला आरक्षण. बाजूने ४५४, विरोधात २. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. लोकसभेतल्या विरोधातल्या दोन मतांपैकी एक महाराष्ट्रातलं: औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. दुसरं त्यांच्या पक्षाचे असदुद्दीन ओवेसी यांचं. नुसती यादी बघून कुणी लिहील, ‘महिलांना आरक्षण नको म्हणणारे दोघे’. पण त्याच दिवसाचं भाषण वाचलं तर आक्षेप वेगळा निघतो. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी आरक्षणात वेगळा वाटा ठेवलेला नाही, हे त्यांचं कारण. ते कारण तुम्हाला पटो न पटो, पण मत आणि भाषण एकत्र वाचल्याशिवाय वहीत ओळ लिहायची नाही, हा माझा नियम या उदाहरणावरून ठरला.

आता दुसरी बाजू. ४५४ आणि २ मिळून ४५६. लोकसभेच्या जागा ५४३. उरलेली ८७ कुठे? त्यात अध्यक्ष आले, ते फक्त समसमान मतं पडली तरच मत देतात. काही जागा रिक्त असतात. बाकीचे त्या घडीला सभागृहात नव्हते. आपला माणूस यांच्यात निघाला तर तेवढंच लिहा: ‘यादीत नाही’. ‘विरोध केला’ असं लिहू नका, ‘पळाला’ असंही नको.

‘यादीत नाही’ याचे दोन अर्थ असतात आणि कागदावर ते एकसारखे दिसतात: गैरहजर आणि सभात्याग. तटस्थ राहणाऱ्याचं नाव मात्र वेगळ्या यादीत येतं. सभात्याग केला की नाही हे वृत्तांतातल्या कंसातल्या ओळींवरून किंवा संसद टीव्हीच्या चित्रफितीवरून कळतं. नागरिकत्व दुरुस्तीच्या वेळी शिवसेनेने ९ डिसेंबर २०१९ च्या बैठकीत लोकसभेत बाजूने मत दिलं, आणि ११ डिसेंबरला राज्यसभेत मतदानाआधी सभात्याग केला. पक्ष एक, विधेयक एक, मधे दोन दिवस, आणि राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. लोकसभेची यादी पाहणाऱ्याला एक शिवसेना दिसते, राज्यसभेची पाहणाऱ्याला दुसरी.

यादी वाचताना आणखी तीन ठेचा लागतात.

आडनाव आधी येतं. सतराव्या लोकसभेत पाटील किती होते मोजा: भिवंडीचे कपिल, जळगावचे उन्मेष, सांगलीचे संजयकाका, हिंगोलीचे हेमंत, साताऱ्याचे श्रीनिवास, शिवाय नवसारीचे सी. आर., म्हणजे चक्क गुजरातचे. विखे पाटील वेगळेच. यादीत मतदारसंघ लिहिलेला असेल असं धरून चालू नका.

नावापुढची फुली. तिचा अर्थ खाली तळटिपेत असतो: मत चिठ्ठीने दिलं किंवा चिठ्ठीने दुरुस्त केलं. यंत्राचं बटण चुकतं, बसायची जागा नवी असते. १७ डिसेंबर २०२४ ला ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना नव्या संसद भवनातल्या लोकसभेत पहिल्यांदा यंत्राने मतदान झालं आणि पडद्यावरचे आकडे चिठ्ठ्या मोजल्यावर बदलले. त्या क्षणी काढलेला पडद्याचा फोटो अजून कुठे कुठे फिरत असतो. अध्यक्ष निकाल सांगताना ‘दुरुस्तीच्या अधीन’ म्हणतात ते याचसाठी. म्हणून फोटो नको, वृत्तांत घ्या.

आणि मत कशावर होतं? एकाच विधेयकावर पाच-सात वेळा मतदान होऊ शकतं: मांडायला परवानगी, दुरुस्त्या, खंड (विधेयकातली कलमं), शेवटी संपूर्ण विधेयक. दुरुस्तीच्या विरोधातलं मत म्हणजे विधेयकाच्या बाजूचं मत असू शकतं. यादीच्या वरचा परिच्छेद वाचल्याशिवाय नावावर बोट ठेवू नका.

५. व्हिप होता का?

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, आलं. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे व्हिप असलेल्या विधेयकावरचं मत हे बहुतेक वेळा पक्षाचं मत समजायचं. व्हिप कुणी काढायचा यावरही महाराष्ट्रात रामायण झालं. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात सांगितलं की प्रतोद (व्हिप काढणारा) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा (त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा) नव्हे.

याचा अर्थ मतं निरुपयोगी असा नाही. व्हिप असतानाही जो यादीत दिसत नाही, त्याची गोष्ट शोधण्यासारखी असते. कधी आजारपण निघतं, कधी नाराजी. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत व्हिप लागू होत नाही, पण तिथलं मतदान गुप्त असतं. विधान परिषदेसाठी आमदारांचं मतदानही गुप्त. त्यामुळे ‘अमक्याने क्रॉस व्होटिंग केलं’ ही बातमी वहीत लिहायची नाही, नोंद शून्य आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र २००३ पासून मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

६. विधानसभेचं काम वेगळं

मराठीत वाचता येतं ही मोठी सोय, बाकी वाट खडतर. विधानमंडळाच्या संकेतस्थळावरचा वृत्तांत बराच काळ ‘असुधारित’, म्हणजे अजून दुरुस्त न केलेला, असतो आणि शोधाची सोय संसदेइतकी सोपी नाही. मी आधी अधिवेशन ठरवतो: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. मग तारीख, आणि सोबत विधानमंडळाच्या थेट प्रक्षेपणाची चित्रफीत. चित्रफितीत वेळ टिपून ठेवा, ‘२ तास १४ मिनिटं’ अशी. पुन्हा शोधणं जिवावर येतं.

विश्वासदर्शक ठराव ही इथली सगळ्यात ठळक नोंद असायला हवी, पण तीही नेहमी मिळत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारवरचा विश्वास आवाजी मतदानाने संमत झाला आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली: बाजूने १६९, विरोधात कुणी नाही, ४ तटस्थ, भाजपचा सभात्याग. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकार: १६४ विरुद्ध ९९. शेवटच्या दोन्ही वेळी सदस्य एकेक करून उभे राहत होते, त्यामुळे चेहरे ओळखता आले तर चित्रफीतच पुरावा.

एरवी सगळं आवाजी. २० फेब्रुवारी २०२४ चं मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक एकमताने. १० जुलै २०२५ चं जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने. या दुसऱ्याकडे नीट बघा. ते जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं, डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात पुन्हा आलं, संयुक्त समितीकडे गेलं, तिच्याकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. समितीत विरोधी पक्षांचेही सदस्य होते. विधानसभेत उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, आणि पुढे बाहेर याच कायद्यावर कडाडून टीका झाली. मताची यादी नसली तरी समिती, विधानसभा, परिषद आणि बाहेरची पत्रकार परिषद या चार ठिकाणांच्या तारखा ओळीने लावा. तुमचा आमदार कोणत्या दिवशी बोलायला लागला, ते आपोआप दिसेल.

७. भाषण, प्रश्न, समिती

‘संसद डॉट इन’वर खासदाराच्या पानावर प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) दिसतात. पीआरएसच्या एमपी ट्रॅकवर हजेरी आणि प्रश्नांची संख्या सोपी करून मिळते. मतदानाचा रकाना तिथे नाही. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. तुमचे खासदार मंत्री असतील तर तिथला कोरा रकाना पाहून ‘एकही प्रश्न नाही’ अशी पोस्ट टाकू नका. मी टाकली होती. मास्तरांचा फोन पुन्हा आला.

प्रश्नांचे आकडे फारसे मनावर घेऊ नका, मजकूर वाचा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, बाकी लेखी. कांद्याच्या पट्ट्यातला खासदार कांदा निर्यातीवर विचारतो की भलत्याच उद्योगाच्या परवान्यांवर, यातून बरंच कळतं. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेने ११ खासदारांना काढून टाकलं होतं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. विधानसभेत लक्षवेधी सूचना आणि नियम २९३ खालची चर्चा बघा, तिथे आमदार मोकळेपणी बोलतात.

खासगी विधेयकाच्या बातमीने हुरळून जाऊ नका. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. ते मांडणं म्हणजे भूमिका जाहीर करणं, एवढंच; पण भूमिकेची लेखी नोंद म्हणून ते कामाचं आहे.

समितीचा अहवाल मात्र कुणी उघडत नाही आणि खरा ऐवज तिथेच असतो. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात कोण हजर होतं ते असतं, आणि ज्यांना पटलं नाही त्यांची भिन्नमत पत्रिका असते, सहीनिशी. वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीत मुंबईचे अरविंद सावंत आणि ठाण्याचे नरेश म्हस्के दोघेही होते, एक विरोधी बाकांवरचे, एक सत्ताधारी. सावंतांनी भिन्नमत दिलं. दहा सेकंदांच्या ‘होय-नाही’पेक्षा अशी चार पानं शंभर पटींनी बोलकी.

८. बाहेरची विधानं

इथे शिस्त लागते. मी प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी लिहितो: नेमके शब्द, तारीख, जागा, आणि ते मतदानाआधीचं की नंतरचं. चौथी गोष्ट सोडली तर बाकीच्या तिन्ही वाया.

- पक्षाच्या प्रवक्त्याचं विधान प्रतिनिधीच्या नावावर लिहू नका.
- पंधरा सेकंदांची चित्रफीत आली तर पूर्ण भाषण शोधा. ‘असं विरोधक म्हणतात’ हे आधीचे चार शब्द कापलेले असतात.
- समाजमाध्यमांवरची पोस्ट लगेच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणारं संकेतस्थळ) साठवा. पोस्ट उडवली जाते, स्क्रीनशॉटवर कुणी विश्वास ठेवत नाही.
- वृत्तांतातून एखादा शब्द काढून टाकलेला असेल तर तो चित्रफितीत ऐकू आला तरी अधिकृत नोंदीत नाही. वहीत ‘वगळलेलं’ असं लिहा.

सभागृहातल्या बोलण्याला घटनेच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ चं संरक्षण आहे, त्यावर कोर्टात खटला होत नाही. बाहेर तसं नाही. त्यामुळे तोच माणूस आत जास्त धीट बोलतो आणि बाहेर सांभाळून. किंवा उलट, व्हिपमुळे आत गप्प आणि गावच्या सभेत वाघ.

९. नाहीच सापडलं तर

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. राज्यासाठी ऑनलाइन सोय आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज मराठीत चालतो. ‘आमच्या आमदारांची कामगिरी कळवा’ असा अर्ज केलात तर काहीही मिळणार नाही. ‘अमुक तारखेच्या बैठकीतील अमुक विधेयकावरील कामकाजाच्या वृत्तांताची प्रत’ असं मागा. मत का दिलं, हे विचारू नका. कार्यालयाकडे कागद असतो, कारण नसतं.

मुंबईकरांनी प्रजा फाउंडेशनची आमदारांवरची प्रगतिपुस्तकं जरूर पाहावीत, पण गुण पाहून थांबू नये, ते कशाचे दिलेत ते वाचावं.

१०. शेवटी एक पत्र

वहीतली ओळ पूर्ण झाली की मी त्या प्रतिनिधीला पत्र लिहितो. ईमेल त्यांच्या पानावर असतो, पण पोस्टाने पाठवलेलं पत्र निदान कुणीतरी फोडतं असा माझा अनुभव. एक विधेयक, एक तारीख, एक प्रश्न. ‘अमुक तारखेच्या मतविभागणीच्या यादीत आपलं नाव दिसत नाही. आपण त्या वेळी सभागृहात होतात का?’ एवढंच. टोमणा नको, उपदेश नको, आणि शेवटी ‘आपला मतदार’ आणि मतदारसंघाचं जुनं नाव.

तीन पत्रांपैकी एकाला उत्तर आलं. लेटरहेडवर दोन ओळी: त्या दिवशी कुटुंबातल्या आजारपणामुळे दिल्लीत नव्हतो, पण पक्षाच्या भूमिकेशी सहमत आहे. मी ते मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली आणि म्हणाले, ‘‘त्या आठवड्याचा हजेरीपट काढलात का?’’ नव्हता काढला. त्याच रात्री बसलो.